४२ जणांची इमॅजिका सहल: गाईड घ्यावा का, आणि दिवस कसा आखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या तुमच्या सोसायटीतले ४२ जण मे महिन्याच्या शेवटी एका दिवसासाठी खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जाणार आहेत. त्यात ११ मुलं आणि ९ ज्येष्ठ आहेत. टूरवाल्याने बस, तिकीट, जेवण आणि सोबत गाईड असं पॅकेज दिलंय. कमिटीत काहींचं म्हणणं, 'पार्कमध्ये गाईड कशाला? तो काय दाखवणार? ते पैसे वाचवू.'

मी गेली बावीस वर्षं पुण्याहून ग्रुप नेतो. सुरुवात गोराईच्या एस्सेलवर्ल्डपासून झाली. तिथे खाडी ओलांडायला फेरीबोट होती. बोटीत चढताना आणि उतरताना माणसं मोजायची, हा या धंद्यातला माझा पहिला धडा. इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं आणि त्या पहिल्या पावसाळ्यापासून मी तिथे जातोय. त्यावरून सांगतो: गाईड घ्या. पण रस्ता दाखवायला नव्हे, रस्ता नकाशावर सापडतो. गाईडला पैसे द्यायचे ते दोन गोष्टींसाठी. एक, दिवसाचं घड्याळ सांभाळायला. दुसरी, जी माणसं राइडवर बसणार नाहीत त्यांचा दिवस सांभाळायला. ज्याला ही दुसरी गोष्ट कळते तो गाईड चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून पॅकेज पक्कं करण्याआधी टूरवाल्याला एकच प्रश्न विचारा: 'आमच्यातले जे मोठ्या राइडवर बसणार नाहीत, ते दिवसभर काय करतील?' 'बसतील की निवांत सावलीत' असं उत्तर आलं तर दुसरा टूरवाला बघा. ४२ जणांत बीपीचे लोक असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कुणी असतं, एखादी गरोदर सून असते, दोन वर्षांचं बाळ आणि त्याच्याबरोबर अडकलेली आई असते. तिकीट त्यांच्यातल्या बहुतेकांनीही काढलेलं असतं. तरुण मंडळी रांगेत गेली की हे लोक बॅगा राखत बाकावर बसतात आणि संध्याकाळी 'मजा आली' म्हणतात. ते खरं नसतं. मी ते चेहरे बघितले आहेत.

इमॅजिकाचं एक बरं आहे, असं बाकावर बसणाऱ्यांसाठीही तिथे भरपूर आहे. 'आय फॉर इंडिया'मध्ये खुर्च्यांची रांग उचलली जाते, पाय अधांतरी राहतात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर तुम्ही भारतावरून उडता. धक्के जवळजवळ नाहीतच. एकदा सांगलीकडच्या एका ग्रुपमध्ये सत्तरीच्या एक आजी होत्या, नऊवारीतल्या. 'मी नाही बाई, तुम्ही जा' असं सकाळपासून चाललं होतं. मी त्यांना ती राइड बाहेरून नीट समजावून सांगितली. पट्टा कुठे लागतो, खुर्ची किती वर जाते, किती वेळ चालते, डोळे मिटले तरी चालतं. मग त्या तयार झाल्या. पाय लोंबकळतात म्हणून चपला काढायला लावल्या, त्या मी हातात घेऊन थांबलो. बाहेर आल्यावर चपला घालता घालता त्या सुनेला म्हणाल्या, 'अगं, मी वरून हिमालय बघितला.' पुढचा तासभर त्यांनी दुसरं काही बोलूच दिलं नाही. त्या दिवशी ग्रुपमधल्या कुणीही निट्रोबद्दल, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरबद्दल, एवढ्या वेळा सांगितलं नसेल.

आता घड्याळाकडे येतो. त्याची सुरुवात सहलीच्या दिवशी होत नाही, आठ दिवस आधी होते. सोसायटीत एका संध्याकाळी सगळ्यांना अर्धा तास खाली बोलवा. ११ मुलांची उंची भिंतीला उभं करून टेपने मोजा आणि लिहून ठेवा. वय विचारू नका, कारण राइडवर वय चालत नाही, उंची चालते. खांद्यावरून येणारा किंवा मांडीवर बसणारा अडसर ठरावीक बांध्याच्या माणसाला धरून ठेवण्यासाठी बनवलेला असतो. मूल लहान असेल तर ते त्या अडसराखालून सरकू शकतं. म्हणून रांगेच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी दोन सेंटिमीटरलाही सोडत नाही. सोडूच नये. थरारक राइडसाठी साधारणपणे १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी मर्यादा असते, ती राइडगणिक बदलते. नेमके आकडे त्या आठवड्यात पार्ककडून घ्या आणि प्रत्येक मुलाला घरीच सांगा, 'तू यात बसणार, यात नाही.' पाऊण तास रांगेत उभं राहून पट्टीपाशी परत पाठवलेलं दहा वर्षांचं मूल कसं रडतं ते एकदा बघितलं की ही अर्ध्या तासाची बैठक कुणी टाळणार नाही.

त्याच बैठकीत मोठ्यांना तब्येतीचं विचारा, पण सगळ्यांसमोर नको. चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा किंवा एकेकाशी बाजूला बोला. हृदयाचा त्रास, वाढलेला रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण. यातलं काहीही असेल तर जोरात धावणाऱ्या, आपटणाऱ्या, वरून सोडणाऱ्या राइड बंद. 'काही होत नाही हो, चला' हे वाक्य ग्रुपमध्ये कुणी बोललं की मी त्याला तिथल्या तिथे थांबवतो. पुरुष मंडळी आजार लपवतात, विशेषतः मेहुणे आणि साडू सोबत असतील तर. गाईडने ही यादी स्वतःजवळ ठेवायची आणि रांगेपाशी कुणाला न दुखावता 'काका, तुम्ही माझ्याबरोबर चला, मला मदत लागणार आहे' असं म्हणून बाजूला घ्यायचं.

पुण्याहून निघालात की पहिली परीक्षा बोरघाटाची. भरपेट मिसळ खाऊन घाट उतरायला घेतला तर बसमध्ये निदान तिघांना उलटी होणार, आणि ज्याला घाटात मळमळलं त्याचा पार्कातला पहिला तास गेला. मी लोणावळ्याच्या आधी नाश्ता देतो तो कोरडा आणि थोडा, इडली किंवा उपमा, आणि दूध अजिबात नाही. ज्यांना बस लागते त्यांना पुढच्या सीटवर, खिडकीशी बसवतो. डोळे मोबाइलमध्ये न ठेवता लांब रस्त्यावर ठेवायचे. कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, या भांडणातून मळमळ होते. तोंडात आवळासुपारी किंवा आलेपाकाची वडी ठेवायला देतो. गोळी घ्यायची तर घरच्या डॉक्टरांना आधी विचारून. आणि हे लक्षात ठेवा, ज्याला बस लागते त्याला रोलर कोस्टरपेक्षा 'मिस्टर इंडिया'सारखी पडद्यासमोर खुर्ची हलवणारी राइड जास्त त्रास देऊ शकते. कारण तेच: डोळे एक सांगतात, शरीर दुसरं.

घाट उतरून खोपोलीत आलात की मुलांना डोंगराच्या अंगावरून खाली येणारे जाडजूड पाइप दाखवा. ते टाटांच्या जलविद्युत केंद्राचे. हे केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि त्या पडण्याच्या जोरावर वीज होते. मी बसमध्ये मुलांना सांगतो, निट्रोचंही तेच आहे. ती गाडी साखळीने सुमारे ४० मीटर वर ओढली जाते, आणि एकदा वरून सुटली की तिला इंजिन नाही. पुढचे सगळे पीळ आणि उलटे फेर त्या उंचीच्या जोरावर. वरून खाली येईपर्यंत वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो. बसमधली सातवी-आठवीची मुलं हे ऐकून गप्प होतात, आणि मग रांगेत उभी असताना साखळीचा खडखडाट कान देऊन ऐकतात.

आता रांग. पार्कातला दिवस राइडमध्ये जात नाही, रांगेत जातो. म्हणून रांग वाचायला शिका, गाईड नसला तरी हे जमेल. राइडपाशी पोचल्यावर लगेच आत शिरू नका. घड्याळ काढा. एक गाडी सुटली की वेळ बघा, पुढची सुटली की परत बघा. समजा मध्ये तीन मिनिटं गेली आणि एका गाडीत २० जण बसले. म्हणजे तासाला ४०० माणसं. आता रांग नागमोडी कठड्यांमध्ये उभी असते, तिची एक ओळ मोजा. समजा ओळीत २५ माणसं आणि अशा १२ ओळी भरलेल्या, म्हणजे ३०० माणसं. ३०० भागिले ४००, पाऊण तास. हे गणित मनात करायला मला दोन गाड्या सुटेपर्यंतचा वेळ लागतो आणि त्यावरून ग्रुपला थांबवायचं की पुढे न्यायचं ते ठरतं. तीच मोठी राइड संध्याकाळी वीस मिनिटांत मिळणार असेल तर दुपारी पाऊण तास उन्हात कशाला उभं राहायचं?

माणसांची सवय अशी की गेटातून आत आलं की समोर जे पहिलं दिसतं तिथे रांग लावायची. तुम्ही तसं करू नका. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि आत शिरल्या शिरल्या धाडसी मंडळींना थेट निट्रो आणि डीप स्पेस या अंधारातल्या रोलर कोस्टरकडे न्या. या दोन्हींच्या रांगा नंतर वाढतच जातात. ज्यांनी आयुष्यात कधी रोलर कोस्टर केलेली नाही त्यांना मात्र पहिल्यांदा निट्रोवर चढवू नका. त्यांना 'गोल्ड रश एक्स्प्रेस' द्या, ती खाणीतल्या गाडीसारखी धावते आणि उलटी होत नाही. बसायला मधली जागा मागा. सगळ्यात मागचा डबा उतारावर पुढच्यांच्या ओढीने फेकल्यासारखा खाली जातो, तिथे पोटात सगळ्यात जास्त गोळा येतो. सगळ्यात पुढे बसलं की समोर फक्त रिकामी हवा दिसते, तिथे भीती डोळ्यांची. मध्ये दोन्ही कमी.

मेअखेरचं खोपोली म्हणजे कोकणची दमट हवा. पुण्यात घाम वाळतो, तिथे वाळत नाही. बारा ते चार मोकळ्यावरच्या राइड करू नका. हा वेळ छताखालच्या गोष्टींसाठी ठेवा: सलीमगढ, अलिबाबा, मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया. याला अपवाद 'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर'चा, कारण तिथे माणूस चिंब होतो आणि दुपारीच कपडे वाळतात. या राइडच्या रांगेत मी मुलांना नेहमी सांगतो की राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही. आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये, त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव दिलं. 'म्हणजे आपल्या इथे डायनासोर होते?' हा प्रश्न दरवेळी येतो, आणि रांगेतली वीस मिनिटं त्यावर सहज निघतात. सलीमगढ मात्र सहा-सात वर्षांच्या मुलांना नको. ते भुताटकीचं आहे आणि घाबरलेलं मूल रात्री घरी गेल्यावर रडतं, पार्कात नाही.

संध्याकाळी परेड निघते. अर्धा पार्क रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना त्याआधी वीस मिनिटं जागा धरून बसवा, पुढची ओळ मिळेल. आणि नेमक्या त्याच वेळी तरुण मंडळींना पुन्हा मोठ्या राइडकडे पाठवा, रांगा ओसरलेल्या असतात. एकाच वेळी दोन्ही गट खूश, हे दिवसात एकदाच जमतं. रांग टाळण्यासाठी वेगळं महाग तिकीटही मिळतं. रविवारी ज्यांना फक्त मोठ्या राइडच करायच्या आहेत अशा चार-सहा जणांनी ते घ्यावं, ४२ जणांसाठी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा मधल्या वारी जा. मात्र नोव्हेंबर ते जानेवारीत मधला वारही फसवा असतो, तेव्हा शाळांच्या सहली येतात आणि पार्किंगमध्ये बसच बस दिसतात. तुम्ही मेमध्ये जाताय, त्यामुळे मंगळवार-बुधवार चांगला. मेअखेरीस दुपारी ढग आले आणि गडगडलं तर उंच राइड थांबवतात, तेव्हा वाद घालू नका, छताखाली जा.

माणसं हरवण्याबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण ते मी भोगलंय. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या पार्कमध्ये मी ग्रुपला सांगितलं, 'चार वाजता गेटपाशी भेटू.' चूक पूर्णपणे माझी. तिथे दोन गेटं होती. अकरा वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या गेटपाशी जाऊन उभा राहिला आणि सांगितल्याप्रमाणे तिथून हलला नाही. चाळीस मिनिटं. त्याची आई माझा हात धरून उभी होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. मूल हुशार होतं म्हणून जागेवर सापडलं. त्या दिवसापासून मी 'गेट' हा शब्द वापरत नाही. सकाळी सगळ्यांना एका ठरावीक जागी नेतो, पुतळा किंवा एखाद्या दुकानाची पाटी असेल तिथे, आणि प्रत्येकाला आपापल्या मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढायला लावतो. मुलांच्या मनगटावर बॉलपेनने आईचा आणि माझा नंबर लिहितो, चिठ्ठी खिशात दिली तर ओली होते. ४२ जणांचे सहा गट, प्रत्येकी सात जण, एक गटप्रमुख. मी ४२ डोकी मोजत नाही, सहा गटप्रमुखांना विचारतो, 'सात?' प्रत्येकाने मोठ्याने 'सात' म्हणायचं. दिवसात किमान पाच वेळा. गटप्रमुख म्हणून सोसायटीतला सगळ्यात उत्साही माणूस निवडू नका, तो स्वतः राइडवर पळतो. कॉलेजातल्या जबाबदार मुलीला करा. माझा अनुभव आहे, त्या एकही माणूस सुटू देत नाहीत.

जेवणाचं फार लिहित नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं यांचं आधी विचारून घ्या, सहसा अडवत नाहीत. पावणेबाराला जेवा किंवा अडीचनंतर. एक वाजता सगळा पार्क जेवायला बसतो. जेवल्यावर पाऊण तास उलटं-सुलटं करणारी राइड नाही. लिंबूसरबत किंवा ओआरएस प्रत्येक गटाकडे असू द्या.

वॉटर पार्कही त्याच दिवशी उरकू, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल. नको. एका दिवसात एकच पार्क. कपडे बदलणं, लॉकर आणि ओल्या डोक्याच्या मुलांना आवरणं यातच दीड तास जातो. तसंच 'जाताना महडचा वरदविनायक, येताना पालीचा बल्लाळेश्वर' हेही पॅकेजवाले हौसेने घालतात, कारण खोपोली-पाली रस्ता कागदावर सोपा दिसतो. ज्येष्ठांना देवळात गर्दीत धावपळ करायला लावायची आणि पार्कात उशिरा पोचायचं, यात दर्शनही धड नाही आणि सहलही नाही. अष्टविनायकाची वेगळी सहल काढा.

पैशाचं टूरवाल्याकडून लेखी घ्या. तिकिटाचा दर कुठल्या दिवसाचा, जेवणाच्या कूपनमध्ये नेमकं काय, टोल-पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरलाय का, लॉकरचे वेगळे का, आणि कुणी आयत्या वेळी गळलं तर किती परत. तिकिटावर थीम पार्क लिहिलंय की वॉटर पार्क, तेही वाचा. मी एकदा एका कंपनीने काढलेल्या तिकिटांवर ग्रुप नेला होता आणि काउंटरवर कळलं की निम्मी तिकिटं दुसऱ्याच पार्कची आहेत. तासभर उन्हात गेला.

शेवटी ड्रायव्हरदादा. याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो पहाटे चारला उठलेला असतो आणि तुम्ही दमून झोपल्यावर रात्री बोरघाट चढून तोच तुम्हाला घरी आणणार असतो. तुम्ही आत असताना तो भर उन्हात तापलेल्या बसमध्ये पडून असेल तर त्याला झोप लागणं शक्य नाही. टूरवाल्याशी आधीच बोला: दादांचं जेवण वेळेवर, आणि दुपारी तीन तास सावलीत आडवं व्हायला जागा. मी तीनच्या सुमारास फोन करत नाही, झोपमोड होईल म्हणून. साडेपाचला करतो, आणि त्यांच्या आवाजावरून कळतं झोप झाली की नाही. झाली नसेल तर ग्रुपला अर्धा तास आत थांबवतो, त्यांना चहा पाजतो, मग निघतो. सहलीचा हिशेब लिहिताना हा अर्धा तास सकाळीच धरून ठेवा, आणि पुण्यात पोचायची वेळ घरच्यांना सांगताना एक तास उशिराची सांगा.

तारीख ठरली की उंचीच्या यादीचं काम या रविवारीच करून टाका. मुलं त्या निमित्ताने एकत्र येतील आणि गटही तेव्हाच पडतील.